औषध योग्य, तरी विषाणू वाढतोय: प्रत्यारोपणानंतरच्या सीएमव्ही संसर्गाचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही, पण असा आजार आणि असे पेच प्रत्यारोपण विभागात काम करणाऱ्यांच्या वाट्याला वरचेवर येतात. आकडे त्या चित्राला धरून घेतले आहेत. औषधं, त्यांचे डोस, दुष्परिणाम आणि चाचण्यांचे निष्कर्ष मात्र खरे आहेत.

प्रतिकारशक्ती कोसळलेल्या माणसाला विषाणूचा गंभीर संसर्ग झाला की सगळ्यांचं लक्ष आधी औषधाकडे जातं: कोणतं, किती, किती दिवस. मला या प्रकरणातून दाखवायचं आहे ते वेगळं आहे. विषाणूविरोधी औषध वेळ मिळवून देतं. त्या वेळात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, परत आल्या नाहीत, तर उत्तम औषधही हरतं.

पार्श्वभूमी

रुग्ण ३८ वर्षांची, वजन ५० किलो. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीने आजार आटोक्यात आला होता, पण पुन्हा उलटण्याचा धोका मोठा होता, म्हणून मूलपेशींचं प्रत्यारोपण ठरलं. दाता सख्खी बहीण, एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळणारी. याहून चांगला दाता मागून मिळत नाही असंच कुणीही म्हणेल.

तपासणीच्या कागदांवर मात्र एक ओळ होती जी घाईत नजरेआड होते. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, याच्या प्रतिपिंडांची चाचणी रुग्णात पॉझिटिव्ह आणि बहिणीत निगेटिव्ह.

जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. लहानपणी कधीतरी शिरतो, किरकोळ ताप येतो किंवा तोही येत नाही, आणि मग तो आयुष्यभर पेशींमध्ये दडून राहतो. तो दडून राहतो कारण शरीर त्याच्यावर सतत पहारा ठेवतं. निरोगी सीएमव्ही-पॉझिटिव्ह माणसाच्या रक्तातल्या स्मृती टी-पेशींपैकी सुमारे दहावा हिस्सा या एकाच विषाणूसाठी राखीव असतो. एका विषाणूसाठी एवढी फौज शरीर सहसा बाळगत नाही.

प्रत्यारोपणात रुग्णाची जुनी फौज जाते आणि दात्याची येते. दाता सीएमव्ही-निगेटिव्ह असेल तर आलेल्या पेशींनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नसतो. विषाणू रुग्णाच्या शरीरात आधीपासून बसलेला आणि पहारेकरी सगळे नवखे. मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणात धोक्याची जोडी नेमकी उलटी असते: तिथे पॉझिटिव्ह दात्याचा अवयव निगेटिव्ह रुग्णात गेला की काळजी वाटते. एका विभागातून दुसऱ्यात आलेले निवासी डॉक्टर इथे हमखास गोंधळतात.

पहिले शंभर दिवस

प्रत्यारोपणानंतर सतराव्या दिवशी नवी अस्थिमज्जा रुजली. दहाव्या दिवसापासून लेटरमोविर सुरू होतं. २०१७ साली मान्यता मिळालेलं हे औषध सीएमव्हीचा डीएनए कापून नव्या कवचात भरणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. ते मज्जा दाबत नाही आणि मूत्रपिंडालाही त्रास देत नाही. प्रतिबंधासाठी आजवर मिळालेल्या औषधांत मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. मूळ चाचणीत २४ आठवड्यांपर्यंत उपचार लागेल इतका सीएमव्ही संसर्ग (चाचणी मधेच सोडलेल्यांनाही त्यात धरून) लेटरमोविर घेणाऱ्यांत ३७.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६०.६ टक्के दिसला. पण त्या चाचणीतही औषध १४ आठवड्यांनी थांबल्यावर काही रुग्णांत विषाणूने डोकं वर काढलंच होतं.

४६व्या दिवशी अंगावर पुरळ आणि दिवसाला सव्वा लिटर जुलाब. आतड्याच्या बायोप्सीत जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर केलेला हल्ला. तीव्रता तिसऱ्या श्रेणीची. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १०० मिलिग्रॅम सुरू केलं. हल्ला आवरला. मग डोस हळूहळू उतरवत आणला.

शंभराव्या दिवशी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर होतं, आणि ठरल्याप्रमाणे लेटरमोविर थांबवलं.

इथे जरा थांबायला हवं. शंभर दिवस ही कॅलेंडरची मर्यादा आहे, रुग्णाच्या टी-पेशींची नाही. किलोला ०.८ मिलिग्रॅम स्टेरॉईड चालू, दाता निगेटिव्ह, जीव्हीएचडी होऊन गेलेला. अशा रुग्णाचं कवच शंभराव्या दिवशी काढणं मला पटत नाही. पुढे झालेल्या चाचणीत उशिरा संसर्ग होण्याचा धोका असलेल्या रुग्णांना १४ ऐवजी २८ आठवडे औषध दिलं, तेव्हा त्या वाढीव काळात उपचार लागेल असा संसर्ग २.८ टक्क्यांत झाला. औषध थांबवलेल्यांत तो १८.९ टक्के होता. २०२३ पासून अशा रुग्णांना २०० दिवसांपर्यंत औषध देण्याची मुभा आहे.

औषध थांबवण्याचा आणखी एक परिणाम झाला. जीव्हीएचडी रोखण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस रुग्णाला चालू होतं, आणि लेटरमोविर त्याची रक्तातली पातळी वाढवतं. त्यामुळे दोन्ही चालू असताना टॅक्रोलिमसचा डोस कमी ठेवलेला असतो. लेटरमोविर गेलं की तोच डोस अपुरा पडतो. टॅक्रोलिमसची पातळी ७.८ वरून ११२व्या दिवशी ३.९ नॅनोग्रॅमवर आली. म्हणजे एकाच गोळीच्या जाण्याने विषाणूवरचा लगामही सुटला आणि जीव्हीएचडीवरचाही.

जुलाब कशामुळे?

१०७व्या दिवशी रक्तातलं सीएमव्हीचं प्रमाण, म्हणजे लोड, ३५० युनिट. ११२व्या दिवशी जुलाब परत सुरू झाले, दिवसाला ९०० मिलिलिटरच्या आसपास. ११४व्या दिवशी लोड ६,२००. (हे आकडे मिलिलिटरमागे आंतरराष्ट्रीय युनिट आहेत. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आल्यापासून वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे बरेच तुलनायोग्य झाले. तरी एकाच रुग्णाचे नमुने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत पाठवावेत.)

रुग्णानेच सकाळच्या फेरीत विचारलं, “डॉक्टर, मागच्यासारखंच होतंय. परत ते मोठ्या डोसचं स्टेरॉईड देणार का?”

सगळ्या प्रकरणाचा पेच या प्रश्नात होता. जुलाब जीव्हीएचडीचे असतील तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायला हवी. सीएमव्हीमुळे आतड्याला सूज आली असेल तर प्रतिकारशक्ती मोकळी करायला हवी. लक्षणं सारखीच, उपचार नेमके विरुद्ध. चुकीच्या बाजूला गेलं तर किंमत जिवाची असते.

चर्चेत दोन्ही बाजूंना वजन होतं. टॅक्रोलिमस खाली आलेलं, मागचा आजार जीव्हीएचडीचा, म्हणून स्टेरॉईड लगेच वाढवा असं एक मत. आतड्यातला जीव्हीएचडी उशिरा पकडला तर तो स्टेरॉईडलाही दाद देत नाही, हे खरंच आहे. दुसरं मत: लोड आठवड्यात जवळपास अठरापट वाढलाय, दोन दिवस थांबू आणि आतडं पाहू. ठरलं असं की स्टेरॉईड ४० वरच ठेवायचं, ना वर ना खाली. टॅक्रोलिमसचा डोस थोडा वाढवून पातळी ६ च्या आसपास आणायची. आणि सीएमव्हीवरचं नेहमीचं औषध गॅन्सिक्लोविर शिरेतून लगेच सुरू करायचं, किलोला ५ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. जुलाब चालू असताना तोंडावाटे त्याचंच गोळीरूप, व्हॅलगॅन्सिक्लोविर, देऊन ते किती शोषलं जाईल याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नव्हता.

विष्ठेत अ‍ॅडिनोव्हायरस, नोरोव्हायरस आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल तपासले. तिन्ही नव्हते.

प्लेटलेट ३८,००० होत्या. दात्याच्या प्लेटलेट चढवून ११५व्या दिवशी दुर्बिणीने मोठ्या आतड्याचा खालचा भाग पाहिला. अस्तर लालसर, मधे मधे उथळ व्रण. नुसत्या नजरेने दोन्ही आजार असेच दिसू शकतात. व्रणाच्या तळातून आणि कडेच्या बऱ्या दिसणाऱ्या भागातून, दोन्हीकडून तुकडे घेतले.

पॅथॉलॉजिस्टच्या काचेवर उत्तर दिसलं. व्रणाच्या तळाशी काही पेशी शेजारणींच्या दुप्पट-तिप्पट फुगलेल्या, केंद्रकात गडद गोळा आणि त्याभोवती पांढरं कडं. सीएमव्हीच्या प्रतिपिंडाने रंगवल्यावर त्याच पेशी तपकिरी उठल्या. ग्रंथींच्या तळाशी मरून आकसलेल्या पेशी होत्या, पण तुरळक. अशा मृत पेशी जीव्हीएचडीची खूण मानल्या जातात, पण सीएमव्हीही त्या घडवू शकतो. त्यामुळे विषाणू हजर असताना फक्त तेवढ्यावरून जीव्हीएचडीचा शिक्का मारू नये, असा शेरा अहवालात होता. तो शेरा फार महत्त्वाचा होता, कारण त्यामुळेच स्टेरॉईड वाढवण्याचा विचार मागे पडला.

आतड्यातला सीएमव्ही रक्तात फारसा न दिसताही असू शकतो. इथे लोड वाढलेला होता म्हणून संशय लगेच आला. रक्तातला आकडा लहान असता तर बायोप्सीशिवाय हा आजार हुकला असता आणि रुग्णाला १०० मिलिग्रॅम स्टेरॉईड गेलं असतं.

दोन आठवडे आणि उलटा आलेख

१२१व्या दिवशी लोड १८,०००. १२८व्या दिवशी ७१,०००.

पहिल्या आठवड्यातली वाढ घाबरून जाण्यासारखी नसते. औषध सुरू झाल्यावरही काही दिवस लोड चढतो, स्टेरॉईडवरच्या रुग्णांत तर हमखास. म्हणून आठव्या दिवशी औषध बदलू नये असा संकेत आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण योग्य डोसमध्ये दोन आठवडे उपचार होऊनही लोड दसपटीपेक्षा जास्त वाढला, तर त्याला उपचाराला न जुमानणारा संसर्ग म्हणतात. ६,२०० वरून ७१,००० म्हणजे अकरापटीहून थोडं जास्त. व्याख्या पूर्ण झाली.

त्याच दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २,१०० वरून ४८० वर आले होते. गॅन्सिक्लोविर मज्जेला दाबतं, आणि नवी मज्जा त्याला फारच हळवी असते. म्हणजे औषध विषाणूवर चालत नव्हतं आणि रुग्णावर मात्र पुरेपूर चालत होतं.

अशा वेळी पहिला शब्द सगळ्यांच्या ओठांवर येतो तो ‘रेझिस्टन्स’, म्हणजे विषाणूचा औषधाला प्रतिकार. गॅन्सिक्लोविर स्वतः निष्क्रिय असतं. विषाणूचंच यूएल९७ नावाचं एन्झाइम त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन माणसाच्या पेशी जोडतात, आणि मग ते विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला, म्हणजे यूएल५४ ला, अडवतं. यूएल९७ मध्ये ठरावीक जागी बदल झाला तर पहिली पायरीच गळते. यूएल५४ मधला बदल आणखी वाईट, कारण तो फॉस्कारनेट किंवा सिडोफोविर या दुसऱ्या औषधांनाही निकामी करू शकतो. नमुना दोन्ही जनुकांच्या तपासणीसाठी पाठवला.

पण मनात हिशोब वेगळा होता. असा प्रतिकार सहसा कित्येक आठवड्यांच्या, बरेचदा अपुऱ्या डोसच्या, वापरानंतर तयार होतो. इथे फक्त दोन आठवडे झाले होते, डोस पूर्ण होता, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ होतं. लेटरमोविरमुळे प्रतिकार आला असता तर तो बहुधा यूएल५६ मध्ये असता आणि त्याचा गॅन्सिक्लोविरशी संबंध नाही. म्हणून जनुक चाचणीच्या जोडीने दुसरा नमुनाही पाठवला: रुग्णाच्या टी-पेशींना सीएमव्हीची प्रथिनं दाखवली तर त्या इंटरफेरॉन सोडतात का?

हा अहवाल आधी आला. सीडी४ पेशी, म्हणजे मदतनीस टी-पेशी, मायक्रोलिटरमध्ये ३४. सीएमव्हीला प्रतिसाद शून्य.

जनुकांचा अहवाल १३९व्या दिवशी आला. एकही बदल नाही. विषाणू औषधाला पूर्ण संवेदनशील होता.

म्हणजे प्रयोगशाळेच्या भांड्यात गॅन्सिक्लोविरने हा विषाणू मेला असता. रुग्णाच्या शरीरात तो वाढत होता, कारण औषध नव्या प्रती बनण्याचा वेग कमी करतं, पण आधीच संसर्ग झालेल्या पेशी शोधून संपवत नाही. ते काम मारक टी-पेशींचं, आणि त्या नव्हत्याच. असे रुग्ण ‘औषध बदला, अजून बदला’ या फेऱ्यात अडकतात. प्रत्येक नवं औषध आणखी एक अवयव खर्ची घालतं आणि मूळ कारण तसंच राहतं.

फॉस्कारनेट

जनुकांचा अहवाल यायच्या आधीच, १२८व्या दिवशी, गॅन्सिक्लोविर थांबवावं लागलं होतं. पर्याय दोन: फॉस्कारनेट किंवा मॅरिबाविर.

मॅरिबाविरला २०२१ मध्ये नेमक्या अशाच, उपचाराला न जुमानणाऱ्या संसर्गासाठी मान्यता मिळाली. ३५२ रुग्णांच्या चाचणीत आठव्या आठवड्याला विषाणू नाहीसा झाला तो मॅरिबाविर घेणाऱ्यांत ५५.७ टक्के आणि जुनी औषधं घेणाऱ्यांत २३.९ टक्के. गोळी तोंडाने घ्यायची, न्यूट्रोफिल फारसे पडत नाहीत. मग लगेच तेच का नाही? लोड वेगाने चढत होता, आतड्यात व्रण होते, आणि सुरुवातीचे काही दिवस शोषणावर अवलंबून नसलेलं औषध हवं होतं. अनेक तज्ज्ञ इथे थेट मॅरिबाविर निवडतील आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: मॅरिबाविर आणि गॅन्सिक्लोविर एकत्र देणं. मॅरिबाविर यूएल९७ लाच अडवतं, आणि गॅन्सिक्लोविरला जागं होण्यासाठी तेच एन्झाइम लागतं.

फॉस्कारनेट सुरू झालं: किलोला ९० मिलिग्रॅम, म्हणजे ४.५ ग्रॅम, दर बारा तासांनी, प्रत्येक डोसआधी सलाईन. न्यूट्रोफिल वाढवण्यासाठी जी-सीएसएफची इंजेक्शनं. को-ट्रायमोक्साझोलही मज्जा दाबतं, म्हणून न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गाच्या प्रतिबंधासाठी त्याऐवजी दुसरं औषध दिलं.

तिसऱ्या दिवशी डोस चालू असताना रुग्ण म्हणाली की ओठांभोवती मुंग्या येताहेत. परिचारिकेने पंप थांबवला आणि लगेच रक्त पाठवलं. एकूण कॅल्शियम जेमतेम मर्यादेत होतं. आयनाइज्ड, म्हणजे मोकळं, कॅल्शियम मात्र कमी, ०.९२ मिलिमोल. फॉस्कारनेट रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमला धरून बसतं, आणि नेहमीच्या चाचणीत ते धरलेलं कॅल्शियमही मोजलं जातं. कागद ठीक म्हणतो तेव्हाही रुग्णाला झटके येऊ शकतात. मॅग्नेशियम १.१ निघालं. दोन्ही शिरेतून भरून काढलं, औषधाचा वेग कमी केला आणि पुढे प्रत्येक डोसला आयनाइज्ड कॅल्शियम बघायचा नियम केला. रुग्णाने स्वतःहून सांगितलं म्हणून हे वेळेत कळलं. तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की ओठ किंवा बोटं झिणझिणली तर बेल दाबायची.

लोड १३५व्या दिवशी ३८,०००, १४२व्या दिवशी २२,०००. उतरत होता, पण रखडत. क्रिएटिनिन १.६ झालं होतं, कारण टॅक्रोलिमसही त्याच मूत्रपिंडावर भार टाकत होतं.

खरा उपचार

१४३व्या दिवशी फॉस्कारनेट थांबवून मॅरिबाविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. या बदलात दोन खड्डे असतात. पहिला टॅक्रोलिमसचा: मॅरिबाविर त्याची पातळी वाढवतं. तिसऱ्या दिवशी ती ९.५ निघाली आणि डोस उतरवला. दुसरा खड्डा जास्त सहज हुकतो. गॅन्सिक्लोविर आणि फॉस्कारनेट नागीण व हर्पिसच्या विषाणूंवरही चालतात, म्हणून त्या काळात त्यांच्या प्रतिबंधासाठीचं असायक्लोविर बंद ठेवलेलं असतं. मॅरिबाविर त्यांच्यावर चालत नाही, लेटरमोविरही नाही. त्यामुळे असायक्लोविर त्याच दिवशी परत सुरू करायला हवं. नाहीतर सीएमव्ही उतरत असताना रुग्ण अंगभर नागीण घेऊन येतो.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी याच दिवशी केली. मॅरिबाविर डोळ्यात आणि मेंदूत पुरेसं पोचत नाही, तिथे आजार असता तर हे औषध निवडता आलंच नसतं. पडदा स्वच्छ होता.

हे सगळं चालू असताना माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम एका साध्या ओळीत चाललं होतं: प्रेडनिसोलोन ४०, ३०, २५, २०. बायोप्सीत जीव्हीएचडीचा ठोस पुरावा नसल्यामुळे हे उतरवणं शक्य झालं. आधाराला आतड्यातच काम करणारं ब्युडेसोनाइड दिलं. दर दोन दिवसांनी जुलाब मोजले, पुरळ बघितलं, यकृताच्या चाचण्या केल्या. जीव्हीएचडीवरच्या रुक्सोलिटिनिबचा विचार झाला, कारण ते स्टेरॉईड कमी करायला मदत करतं, पण ते रक्तपेशींचे काउंट पाडतं आणि विषाणूंना वाट देतं. या क्षणी नको असं ठरलं. डोस उतरवताना प्रत्येक पायरीला भीती असते. जीव्हीएचडी उसळला तर पुन्हा १०० मिलिग्रॅम, आणि मग सीएमव्हीसमोर काहीच उरत नाही.

२० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ०.४, हा आकडा गाठण्यामागे आणखी एक कारण होतं. विषाणू-विशिष्ट टी-पेशी देण्याचं ठरत होतं, आणि किलोला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त स्टेरॉईड चालू असेल तर दिलेल्या पेशी टिकत नाहीत.

कल्पना जुनी आहे. १९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी १४ रुग्णांना त्यांच्याच दात्यांच्या सीएमव्ही-मारक पेशी वाढवून दिल्या आणि त्यांच्यापैकी कुणालाही सीएमव्हीचा आजार झाला नाही. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मदतनीस सीडी४ पेशी नसतील तर दिलेल्या मारक पेशींचा जोर ओसरतो. आमच्या रुग्णाची अडचण अशी की बहीण सीएमव्ही-निगेटिव्ह, तिच्याकडे अशा पेशीच नाहीत. तिथे तिसऱ्या माणसाच्या पेशींची पेढी उपयोगी पडते. निरोगी, सीएमव्ही-पॉझिटिव्ह दात्यांच्या पेशी आधीच तयार करून गोठवलेल्या असतात. निवडताना किती एचएलए जुळतात एवढंच बघून चालत नाही. त्या पेशी नेमक्या कोणत्या एचएलएमधून विषाणू ओळखतात आणि तो एचएलए रुग्णाकडे आहे का, हे बघावं लागतं. चार जुळले पण कामाचा तो एक नसेल तर उपयोग नाही.

१४७व्या दिवशी पेशी दिल्या. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २ कोटी, तिच्या आकारमानाला साधारण ३ कोटी. काही मिलिलिटर द्रव, काही मिनिटांत संपला. गोठवण्यासाठी वापरलेल्या डीएमएसओचा लसणासारखा वास खोलीत बराच वेळ राहिला. तिला ताप आला नाही, पुरळही उठलं नाही.

१५४व्या दिवशी लोड ९,०००. १६१व्या दिवशी १,१००. १६८व्या दिवशी मोजता येण्याच्या मर्यादेखाली, आणि १७५व्या दिवशी काहीच सापडलं नाही. जुलाब १६५व्या दिवसाच्या आसपास थांबले.

श्रेय कुणाचं? मॅरिबाविर, स्टेरॉईडची कपात आणि पेशी, तिन्ही गोष्टी पाच-सहा दिवसांच्या अंतरात एकमेकींवर येऊन पडल्या. एका रुग्णावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत, आणि पेशींनाच सगळं श्रेय द्यायचा मोह आवरायला हवा. छोट्या अभ्यासांत अशा पेशींचे निकाल डोळे दिपवणारे दिसले होते. तरीही अनेक विषाणूंवर एकत्र काम करणाऱ्या पोसोल्यूसेल या पेशींच्या तिन्ही मोठ्या चाचण्या डिसेंबर २०२३ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण अपेक्षित फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. उलट एप्स्टाइन-बार विषाणूच्या प्रत्यारोपणोत्तर आजारासाठीच्या टॅबेलेक्ल्यूसेल या पेशींना डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. म्हणजे मार्ग बंद नाही, पण कोणत्या रुग्णाला, कोणत्या विषाणूसाठी आणि केव्हा, हे अजून काटेकोरपणे ठरायचं आहे. माझं मत विचाराल तर स्टेरॉईडची कपात हा या तिन्हींतला पाया होता. ती झाली नसती तर पेशी जगल्या नसत्या, आणि मॅरिबाविरही गॅन्सिक्लोविरच्याच वाटेने गेलं असतं.

अ‍ॅडिनोव्हायरस असो किंवा महिनोन्‌महिने न जाणारा कोविड, हाच क्रम लागू पडतो. अ‍ॅडिनोव्हायरससाठी सिडोफोविर आहे, तेही मूत्रपिंडाला जड, आणि टी-पेशी परतल्याशिवाय त्याचा जोर तोकडाच.

पुढे

१७५व्या दिवसानंतर आठवड्याने घेतलेला दुसरा नमुनाही निगेटिव्ह आला, तेव्हा मॅरिबाविर थांबवलं आणि लेटरमोविर पुन्हा सुरू केलं. टॅक्रोलिमसचा डोस परत मोजून बसवला. या वेळी लेटरमोविर थांबवायची तारीख ठरवली नाही. तीन अटी लिहून ठेवल्या: प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली, सीडी४ १०० च्या वर, आणि टी-पेशींच्या चाचणीत सीएमव्हीला स्पष्ट प्रतिसाद. तिन्ही पूर्ण व्हायला २२९वा दिवस उजाडला. तेव्हा सीडी४ १४२ होत्या, क्रिएटिनिन १.१ वर उतरलं होतं आणि स्टेरॉईड ५ मिलिग्रॅम.

लेटरमोविर बंद केल्यावर टॅक्रोलिमसची पातळी चौथ्या दिवशी तपासली आणि डोस लगेच वाढवला. सीएमव्हीचा नमुना दर आठवड्याला चालू ठेवला.

२३६व्या दिवशी लोड २४० आला. औषध सुरू करायचं का यावर पुन्हा चर्चा झाली. टी-पेशींचा अहवाल समोर होता, जुलाब नव्हते, ताप नव्हता. काहीही न देता चार दिवसांनी पुन्हा नमुना घ्यायचं ठरलं, आणि लोड १,००० च्या वर गेला तर त्याच दिवशी व्हॅलगॅन्सिक्लोविर सुरू करायचं असं कागदावर लिहून ठेवलं. २४०व्या दिवशी लोड ९० होता. २४७व्या दिवशी विषाणू सापडला नाही. त्यानंतर नमुने पंधरवड्यावर नेले.